बाराव्या खेळाडूची चौकशी

आपला संघ आपल्याच मैदानावर हरला, या घटनेची चाहता मंडळाने गंभीर दखल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पराभव मूल्यमापन समितीची तातडीची बैठक बोलावली. प्रत्यक्ष हरलेल्या खेळाडूंनी त्या सुमारास काय केलं, याची माहिती उपलब्ध नाही. बहुधा ते जेवून झोपले असावेत. खेळाडूंना पराभव पचतो. ज्यांनी चेंडूला कधी पाय लावलेला नसतो, त्यांना तो पचत नाही.

बैठक लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत भरली, कारण मंडळाला स्वतःचं कार्यालय नव्हतं आणि लॉन्ड्रीवाले हे मंडळाचे अधिकृत ढोलवादक होते. खोलीत डोक्यावरच्या दांडीला इस्त्री केलेले शर्ट टांगलेले. उंच सदस्यांनी मान वाकवून बसायचं आणि बुटक्यांनी परक्यांच्या बाह्या तोंडावरून बाजूला सारायच्या, अशी व्यवस्था होती. अध्यक्ष मधोमध एका पांढऱ्या कोटाखाली बसले होते. ते नोंदणी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. हातातला शिक्का गेल्यापासून त्यांना चैन पडेना, तेव्हा घरच्यांनीच त्यांना फुटबॉलकडे वळवलं होतं. घरात त्यानंतर शांतता नांदू लागली.

दाराजवळच्या स्टुलावर फ्रिजवाले बसले होते. लोकांचे रुसलेले फ्रिज पुन्हा गार करून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून मंडळात ते फ्रिजवाले. आज स्वारी जरा खुशीत होती. पराभवाचा त्यांना आनंद झाला होता असं नव्हे, पण तो पराभव त्यांनी अथपासून इतिपर्यंत पाहिला होता आणि मंडळात पहिल्यांदाच कोणीतरी त्याबद्दल विचारणार होतं.

सामना नीट पाहणं ही त्यांची हौस नव्हती, जबाबदारी होती. मैदानावरची त्यांची बसायची जागा मूळची वडिलांची. काचबिंदूने म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे गेले आणि जागा मुलाकडे आली. आपला संघ टीव्हीवर दाखवण्याइतका मोठा नव्हता, वर्तमानपत्रात छापण्याइतकाही नव्हता. त्यामुळे सामना संपला की फ्रिजवाले बुटासकट वडिलांच्या पलंगावर बसत आणि सामना सांगत. उशी हा आपला गोल, पायथ्याची पांघरुणाची घडी हा त्यांचा गोल, म्हाताऱ्याचे गुडघे ही मधली रेघ. म्हातारा मधेच हात वर करी, ‘थांब, मागे जा. डावीकडून कोण धावला?’ आणि फ्रिजवाल्यांना ते सांगता आलं पाहिजे असे. इतर दिवशी सासऱ्यांना दोन घास जात नाहीत आणि सामन्याच्या दिवशी ते पुन्हा वाढून घेतात, हे त्यांच्या बायकोने केव्हाच हेरलं होतं. म्हणून सामन्याच्या दिवशी ती नवऱ्याला कुठल्याही कामाला जुंपत नसे. संसारात याहून मोठी सवलत नाही.

अध्यक्षांनी खाकरून सुरुवात केली.

“आपण स्वतःला संघाचा बारावा खेळाडू म्हणवतो. आपल्या शर्टावर तसं छापलेलं आहे. पहिल्या अकरांची चौकशी क्लब करील, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. बाराव्याची चौकशी आपल्याला करायची आहे. तत्पूर्वी पराभवाची कारणं सभागृहासमोर यावीत.”

“गवत ओलं होतं,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे मंडळाच्या महाध्वजाचा कार्यभार होता.

“गवत दोघांनाही तेच होतं की हो,” फ्रिजवाले म्हणाले.

“पण आपलं होतं ना ते? आपण वर्षभर त्याला पाणी घालायचं आणि त्याने ऐन वेळी असं वागायचं?”

गवताच्या वर्तनाबद्दल सर्वानुमते खेद व्यक्त करण्यात आला. मग पंचांचा विषय निघाला. पंच फितूर होता हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं, असं ढोलवाल्यांनी सांगितलं. प्रशिक्षकाला काही कळत नाही, हे तर सगळ्यांनाच मान्य होतं. मागच्याच महिन्यात मंडळाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. पण तेव्हा खांदा कोणी दिला हे आता कोणाला आठवेना. गोलरक्षकाची झोप झाली नव्हती, सूर्य चुकीच्या बाजूला होता आणि समोरच्या संघाचे शर्ट डोळ्यांत खुपणाऱ्या रंगाचे होते. अशी कारणं भराभर जमत गेली आणि खोलीत हळूहळू विजयाचं वातावरण पसरलं.

“ठीक,” अध्यक्ष म्हणाले. “आता केवळ कार्यवृत्ताच्या पूर्ततेसाठी. पहिला गोल कसा झाला?”

पुढच्या दुकानात इस्त्री फुसफुसली तेवढीच.

हा प्रश्न मंडळाच्या इतिहासात आजवर कोणी विचारला नव्हता, आणि त्याला कारण होतं. अध्यक्ष स्वतः घोषणाप्रमुख. घोषणाप्रमुखाने कठड्यावर चढून चाहत्यांकडे तोंड करायचं असतं, म्हणजे मैदान आपोआपच पाठीमागे जातं. इतक्या वर्षांत त्यांनी एकही गोल पाहिलेला नव्हता. खाली काय चाललंय ते समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून ताडायचं, ही त्यांची पद्धत. एकदा एका सदस्याच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा अध्यक्षांनी त्याच्या उघड्या तोंडावर भरवसा ठेवून विजयाची घोषणा दिली होती.

“मी ढोलाकडे बघतो,” ढोलवाले म्हणाले. “नाही बघितलं तर टिपरू बोटांवर बसतं.”

डॉक्टरीणबाई महाध्वजाखाली होत्या. हा ध्वज एवढा अवाढव्य होता की तो पसरला म्हणजे मंडळाचा अख्खा विभाग त्याच्या पोटात जाई. आत उकडे, काळोख होई, पुढच्याची घामट पाठ नाकाशी येई. बाहेरून मात्र दृश्य फार देखणं दिसायचं म्हणे. ते बाहेरून कोणी पाहायचं, असा प्रश्न कधी उपस्थित झाला नव्हता.

राहता राहिले सचिव. हे फ्रिजवाल्यांचे सख्खे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ. ते सामनाभर मोबाइलवर चित्रीकरण करत. पण मोबाइल स्वतःकडे वळवलेला असे, त्यामुळे संघाच्या गेल्या कित्येक हंगामांचा इतिहास त्यांच्या नाकपुड्यांच्या पार्श्वभूमीवर उपलब्ध होता.

“दाजींना विचारा ना,” सचिव म्हणाले. “दाजी बघत असतात.”

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं की कसं, ते फ्रिजवाल्यांना त्या क्षणी कळलं नाही. कळायला हवं होतं. ते हुरूपाने पुढे सरकले आणि लॉन्ड्रीच्या टेबलावरचा टॉवेल पसरून सांगू लागले. आपला डावा बचावपटू सारखा पुढे धावत होता, परतायला त्याला दम उरत नव्हता. त्यांच्या त्या बुटक्या पोराने ते दोनदा हेरलं. तिसऱ्या वेळी तो त्या मोकळ्या जागेतून शिरला, आपल्या दोघांना एका वळशात चुकवलं आणि चेंडू असा अलगद मधे दिला, की त्यांच्या माणसाला नुसता पाय लावायचा होता.

“खरं सांगू का,” फ्रिजवाले शेवटी म्हणाले, “ते आपल्यापेक्षा चांगले खेळले.”

एखाद्याच्या बारशाला जाऊन पोर कुणासारखं दिसतं ते खरं खरं सांगावं, तशी शांतता पसरली. ढोलवाल्यांनी आपला टॉवेल ओढून घेतला आणि पुन्हा घडी केली.

“एक मिनिट,” अध्यक्षांचा आवाज एकदम कार्यालयीन झाला. “तुम्ही हे सगळं पाहिलंत?”

“हो.”

“म्हणजे त्या वेळी तुम्ही मैदानाकडे बघत होतात.”

“मग कुठे बघणार?”

“प्रश्न मी विचारतोय. बघत होतात तेव्हा घोषणा देत होतात का?”

“देत होतो की. अधूनमधून.”

“अधूनमधून,” अध्यक्षांनी तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. “कार्यवृत्तात घ्या, अधूनमधून. आणि महाध्वज अंगावरून जात होता तेव्हा?”

फ्रिजवाले घुटमळले. “तेव्हा मी कडेने थोडा वर उचलला होता. एवढासाच. दिसावं म्हणून.”

“तरीच!” डॉक्टरीणबाई उसळल्या. “डाव्या बाजूला ध्वजाला फुगा आला होता! मला वाटलं वारा आहे. मी घरी जाऊन वाऱ्याला शिव्या घातल्या हो!”

“अहो, पण ध्वजाच्या फुग्याने गोल कसा होईल?”

“ते समिती ठरवील,” अध्यक्ष म्हणाले. “सचिव, चित्रीकरण.”

सचिवांनी मोबाइल पुढे केला. चेहरा त्यांनी दुःखी केला होता, पण बोट मात्र झरझर चालत होतं. पडद्यावर त्यांचं नाक होतं, नाकामागे मंडळाच्या रांगा होत्या आणि प्रत्येक सदस्याचं तोंड आ वासलेलं होतं. एक सोडून. त्या एकाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि डोळे कुठेतरी लांब, खाली, डावीकडे लागले होते. चित्रीकरण पुढे सरकलं. मिटलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्या माणसाने कपाळावर हात मारला, आणि कुठूनतरी परक्या चाहत्यांचा जल्लोष ऐकू आला.

“पुन्हा लावा,” अध्यक्ष म्हणाले. पुन्हा लावलं. तोंड मिटलेलं, मग गोल.

“सगळ्यांची तोंडं उघडी होती तोवर गोल झाला नाही,” अध्यक्षांनी सावकाश मांडणी केली. “एक तोंड मिटलं आणि गोल झाला. समितीला यापलीकडे पुरावा लागेल असं वाटत नाही.”

“अहो, गोल होणार हे दिसलं म्हणून तोंड मिटलं माझं!”

“म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं,” ढोलवाले म्हणाले.

“दाजी,” सचिव हळव्या आवाजात म्हणाले, “मला फार जड जातंय. पण संघ आधी, नाती नंतर.”

डॉक्टरीणबाईंनी वैद्यकीय बाजू मांडली. त्यांच्याकडे रोज माणसं तोंड उघडून बसतात, आणि एकही जण त्या वेळी दुसरीकडे लक्ष देऊ शकत नाही. याचा अर्थ ज्याचं लक्ष असतं त्याचं तोंड मनापासून उघडलेलं नसतं. हा शास्त्रीय मुद्दा निर्णायक ठरला. बारावा खेळाडू सामनाभर बघत उभा होता, म्हणजे आपला संघ अकराच खेळाडूंनिशी खेळला, आणि पराभवाचं मूळ कारण हेच होय, असा निष्कर्ष समितीने काढला. गवताला दोषमुक्त करण्यात आलं. पंचांबद्दलही काही मंडळी आता बरं बोलू लागली.

मग शिक्षेचा मुद्दा आला. त्या विभागात कोणाला बसू द्यायचं ते मंडळ ठरवत असे. पास काढून घेतला की जागा गेली. दुसऱ्या विभागात शिरकाव होणं म्हणजे कोणीतरी मरण्याची वाट पाहत बसणं. फ्रिजवाल्यांनी मान खाली घातली आणि वडिलांची सगळी हकीकत सांगितली. पलंग, उशी, गुडघे, सगळं. सांगताना त्यांना लाज वाटत होती.

“वडिलांबद्दल मंडळाला नितांत आदर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “ते आमच्या संस्थापकांपैकी. पण त्यांच्या काळी लोक सामना बघायला येत. ती पिढीच वेगळी.”

“तेव्हा आपण जिंकायचोसुद्धा.”

“योगायोगावर समिती भाष्य करत नाही.”

तरीही मंडळ निर्दय नव्हतं. वडिलांची पुण्याई लक्षात घेऊन पास कायम ठेवण्यात आला, मात्र अटीवर. इथून पुढे फ्रिजवाल्यांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, अगदी अध्यक्षांसारखं. फ्रिजवाल्यांनी क्षणभर विचार केला. नाही म्हटलं तर जागा जाणार. हो म्हटलं तर निदान मैदानावर पाऊल तरी ठेवता येईल, कानांवर काही पडेल, मान जराशी वळवता येईल. सगळेच शहाणे करतात तो हिशेब त्यांनी केला आणि हो म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. “माझ्या भावाला लहानपणापासून चुगल्या करायची खोडच आहे,” ती म्हणाली. “पण तुम्ही हो का म्हणालात?”

“जागा टिकवायला.”

“बघायचं नाही तर जागा कशाला हवी?”

बायकांना संघटनात्मक प्रश्न कळत नाहीत, असं म्हणून फ्रिजवाले बूट काढायला लागले.

गोष्ट इथेच मिटली असती, पण निष्ठेला एकदा पाय फुटले की ती थांबत नाही. पुढच्या सामन्याआधी सदस्यांमध्ये कुजबूज सुरू झाली. दोषी माणूस अध्यक्षांसारखा उभा राहणार आणि आपण निर्दोष असून साध्या चाहत्यांसारखे मैदानाकडे तोंड करून? हा काय न्याय झाला? शिवाय मैदानाकडे तोंड असलं म्हणजे नजर चुकून तिकडे जाण्याचा धोका राहतोच. ढोलवाल्यांनी सर्वांनीच पाठ फिरवावी असा ठराव मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

शेजारच्या विभागातल्या चाहत्यांनी हे पाहिलं आणि ते चपापले. आपली निष्ठा कमी दिसते की काय? तेही वळले. मग पलीकडचे वळले. जे वळले नाहीत त्यांच्याकडे वळलेले लोक अशा नजरेने बघू लागले, की त्यांना वळणं भाग पडलं. क्लबच्या व्यवस्थापनाला ही कल्पना मनापासून आवडली. प्रेक्षकांनी सामना पाहू नये, अशी त्यांची जुनीच इच्छा होती. त्यांनी जाहीर पत्रक काढून चाहत्यांच्या निस्सीम प्रेमाचे आभार मानले आणि चाहत्यांना त्रास नको म्हणून साऱ्या खुर्च्या उखडून उलट्या बसवून दिल्या. प्रशिक्षकालाही संघात फेरबदल करायची गरज उरली नाही. डावा बचावपटू पूर्वीसारखाच पुढे धावत राहिला.

आता मंडळाच्या विभागासमोर मैदानाऐवजी मागची भिंत आली आणि भिंतीत स्वच्छतागृहाचं दार. घोषणा देताना नजर कुठेतरी लावावी लागते, म्हणून सर्वांची नजर त्या दारावर लागली. आत जाणाऱ्या माणसाला आधी संकोच वाटे, पण बाहेर येताना त्याला जो जयघोष लाभे तो आपल्या आघाडीपटूलाही कधी लाभला नव्हता. काही जण तर गरज नसताना आत जाऊ लागले. सचिव मात्र अडचणीत आले. आता चित्रीकरण करताना त्यांच्या पाठीमागे खरोखरच मैदान येऊ लागलं होतं. त्यांनी नियमभंग नको म्हणून मोबाइल खिशात ठेवला. याबद्दल त्यांचा सत्कार झाला.

फ्रिजवाल्यांनी पूर्वार्धात कान टवकारून पाहिलं. ढोलापुढे काही ऐकू येईना. उत्तरार्धात त्यांनी मान वळवायचा विचार केला. अगदी थोडी, कॉलर नीट केल्यासारखी. पण समोर भिंतीपाशी अध्यक्ष उभे होते. त्यांचं तोंड पहिल्यासारखंच चाहत्यांकडे होतं. आता चाहत्यांचं तोंड दुसरीकडे असल्याने अध्यक्षांनाही तिकडे जाऊन उभं राहावं लागलं होतं, आणि त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मैदान थेट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनी ते घसा फोडून ओरडत होते, कपाळावरची शीर फुगली होती. ते पाहून फ्रिजवाल्यांना स्वतःची शरम वाटली आणि त्यांनी मान सरळ ठेवली.

इथे आम्हाला कबूल केलं पाहिजे, की त्यांना बरंही वाटलं. सगळ्यांबरोबर तोंड उघडून ओरडण्यात एक सुख असतं. डावा बचावपटू परतला की नाही याची काळजी नाही, कपाळावर हात मारणं नाही. सामना संपल्याचं त्यांना लोक उठू लागले तेव्हा कळलं. घसा बसला होता, छाती अभिमानाने भरून आली होती. दाराशी मेहुण्याने त्यांना मिठी मारली. “दाजी, आज तुम्ही खरे शोभलात!”

सामना कसा झाला, असं वाटेत एकाने दुसऱ्याला विचारलं. “जबरदस्त!” दुसरा म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी म्हातारा तयारच होता. उशी पाठीशी ओढून घेतलेली, पाय लांब केलेले, चादरीवरून हात फिरवून सुरकुत्या काढलेल्या. स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. फ्रिजवाले बुटासकट पलंगाच्या कडेला बसले.

“हं, सांग,” म्हातारा म्हणाला. “किती-किती?”

“बाबा, आज घोषणा फार जोरात झाल्या.”

“त्या ऐकल्या मी. इथवर येत होत्या. किती-किती झाले?”

“सगळे एकदिलाने उभे होते हो. एक माणूस हलला नाही.”

“अरे, निकाल विचारतोय मी!”

फ्रिजवाल्यांनी बसलेल्या घशातून आवाज काढायचा प्रयत्न केला. म्हातारा वाट पाहत राहिला. त्याचे न दिसणारे डोळे मुलाच्या तोंडाकडे बरोबर लागले होते. मग त्याने लांब केलेले पाय हळूच जवळ घेतले आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला. सून ताट घेऊन दारात आली तेव्हा तो म्हणाला, “राहू दे गं. आज भूक नाही.”

वाचकांना फ्रिजवाल्यांची चीड येईल, अध्यक्षांना तर ते मनातल्या मनात शिव्या हासडून मोकळे झाले असतील, आणि दोन्ही रास्तच आहे. केवळ कार्यवृत्ताच्या पूर्ततेसाठी एक बाब नोंदवतो. आपला संघ हरला, हे आम्ही पहिल्याच ओळीत सांगितलं. किती-किती ते कुठेही सांगितलेलं नाही. समोर कोणता संघ होता, हेही नाही. तरी गवत, पंच, प्रशिक्षक, मेहुणा, सगळ्यांबद्दल तुमचं मत केव्हाच पक्कं झालं. आंधळ्या म्हाताऱ्याने जे सगळ्यांत आधी विचारलं, ते तुम्ही दोन्ही डोळे शाबूत असून इथवर येईतो विचारलं नाहीत. हरकत नाही. मैदानावर या. डॉक्टरीणबाईंच्या शेजारची खुर्ची तुमचीच आहे, आणि तिथून ते दार फार छान दिसतं.